समुद्रतळीची नांगरट

शेतकऱ्याने नांगरलेली जमीन पुढच्या पावसाळ्यात हिरवी होते. महासागराच्या तळाची गोष्ट निराळी आहे. तेथे बटाट्याएवढे धातुमय गोळे पसरलेले असतात. ते उपसले तर जीवसृष्टीचे काय होईल, हे पाहण्यासाठी १९८९ साली जर्मन शास्त्रज्ञांनी पेरूच्या पश्चिमेस, ४,००० मीटरांहून अधिक खोलीवर, मुद्दाम नांगर फिरविला. २६ वर्षांनी, २०१५ साली, पाहावे तो चर तसेच स्पष्ट! गोळ्यांना चिकटून राहणारे प्राणी जवळजवळ परतलेच नव्हते.

कारण उघड आहे. तेथे प्रकाश नाही, वादळ पोहोचत नाही. अन्न म्हणजे वरून झिरपणारा मृत जीवांचा चुरा. गोळा १० लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतो. तो नेला की आश्रितांचे घरच गेले.

मध्य हिंदी महासागरातील अशाच गोळ्यांच्या शोधासाठी भारताने २००२ साली ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्राचा करार केला. त्याआधी, १९९७ साली, आपल्या शास्त्रज्ञांनीही तेथील तळ ढवळून परिणाम अभ्यासले होते. निकेल, तांबे, कोबाल्ट आपणांस हवेच आहेत. परंतु जे परत पेरता येत नाही, ते खुडण्यापूर्वी पुरते ओळखून घ्यावे, एवढा विवेक आपण राखावयास नको काय?