श्वास दिसतो, बघायचाय?

डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडलीय कधी? छाती फुगवायलाही जागा नसते, तरी श्वास चालूच! त्यातलं मोठं काम करतं फुप्फुसांखालचं श्वासपटल. तान्ह्या बाळांची तर मुख्य भिस्त यावरच.

हृदयाच्या ऑपरेशनमध्ये त्याच्या नसेला इजा झाली, तर बाळाचा व्हेंटिलेटर सुटता सुटत नाही. मग खाटेपाशीच सोनोग्राफी मशीन आणतात. बाळ स्वतः श्वास घेत असताना बरगड्यांखाली प्रोब ठेवायचा. आत घेतलेल्या श्वासाला पटल खाली सरकलं, तर ठीक. उलट वर गेलं, तर लकव्याची खूण! यात एक्स-रेसारखं रेडिएशनही नाही.

सोनोग्राफी म्हटलं की तुम्हाला १९९४ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदाच आठवतो ना? ठाणे-कल्याणात मेडिकल किंवा फिजिओथेरपी शिकत असाल, तर हा उपयोगही सरांना नक्की विचारा.