कुत्र्याची शी : उचलायची कशी, टाकायची कुठे

तिकोणा पेठेत कुत्रे पूर्वीपासून आहेत. अंगणात, गोठ्याजवळ, रानात गुरांमागे. गेल्या काही वर्षांत त्यांत भर पडली आहे. पवना धरणाच्या काठी तंबूत राहायला येणारे पर्यटक आपले कुत्रे सोबत आणतात, बंगल्यांवर आणि फार्महाऊसवर जातिवंत कुत्रे असतात, गडाच्या वाटेवरही पट्टा धरून कुत्र्याला नेणारे दिसतात. कुत्रे वाढले की त्यांच्या शीचा प्रश्नही वाढतो. रस्त्याकडेला, ओढ्याजवळ, मुलांच्या शाळेच्या वाटेवर ती पडून राहते. ‘पावसात जाईल वाहून’ असे म्हणून आपण पुढे जातो. मावळच्या पावसात ती वाहून जाते हे खरे, पण जाते कुठे? ओढ्यात, भातखाचरात आणि शेवटी धरणात. अनवाणी लावणी करणाऱ्यांचे पाय त्याच चिखलात असतात.

शेण चालते, मग ही का नको?

हा प्रश्न गावात हमखास विचारला जातो. आपण शेणाने अंगण सारवतो, गोवऱ्या थापतो, मग कुत्र्याच्या शीचे एवढे काय? शेणातही जंतू असतात आणि शेणात हात घातल्यावर साबणाने हात धुवायलाच हवेत. पण कुत्र्याच्या आतड्यात असे काही जंत राहतात, जे माणसाच्या शरीरात शिरून वेगळाच त्रास देतात.

पहिला म्हणजे टोक्सोकारा नावाचा गोल जंत. पिल्लांना तो आईच्या पोटातूनच मिळतो, म्हणून लहान पिल्लांच्या शीत त्याची अंडी जास्त असतात. मातीत खेळणाऱ्या मुलाच्या हातातून ही अंडी तोंडात जातात. त्यांतून निघालेल्या अळ्या शरीरभर फिरतात. त्या यकृतात किंवा फुप्फुसात जातात, कधी डोळ्यात जाऊन नजरही अधू करतात.

दुसरा अंकुशकृमी, म्हणजे हुकवर्म. त्याची अळी ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरते. पायावर नागमोडी, लाल, खूप खाजणारी रेघ उठते आणि ती रोज थोडी थोडी पुढे सरकते. अशी रेघ दिसली तर घरगुती लेप लावत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे.

तिसरा आजार हायडॅटिड. बोकड-मेंढी कापल्यावर कच्ची आतडी, फुप्फुसे कुत्र्यापुढे टाकली जातात, त्यांतून हा जंत कुत्र्यात जातो. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात पाण्याची गाठ होते. ती वर्षानुवर्षे हळूहळू वाढते आणि अनेकदा शस्त्रक्रियेची वेळ येते. म्हणून कच्चे अवयव कुत्र्याला घालू नका, पुरून टाका.

एक गैरसमजही दूर करू. पिसाळण्याचा रोग, म्हणजे रेबीज, शीतून पसरत नाही. तो पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून, चावल्याने किंवा जखम चाटल्याने होतो.

यात एक गोष्ट आपल्या सोयीची आहे. टोक्सोकाराची अंडी पडल्या पडल्या बाधत नाहीत. मातीत दोन ते चार आठवडे राहिल्यावर ती बाधण्याजोगी होतात, आणि मग महिनोन् महिने टिकतात. अंकुशकृमीलाही काही दिवस लागतात. म्हणजे शी त्याच वेळी उचलली, तर या दोन्हींचा धोका तिथेच संपतो. ती सुकून मातीत मिसळली की काहीच दिसत नाही, पण अंडी तिथेच असतात. वरून फिनेल ओतूनही ती मरत नाहीत.

ज्याचा कुत्रा, त्याचे काम

१९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जे ठराव झाले, त्यांत स्पृश्यांनी आपली मेलेली जनावरे आपणच पुरावीत, असेही सांगितले होते. ज्याचे जनावर, त्याचीच त्याची घाण दूर करण्याची जबाबदारी, इतकी ती साधी गोष्ट होती. कुत्रा फिरवताना तोच नियम लागू होतो. मालकाने न उचललेली शी आपोआप नाहीशी होत नाही. शहरात ती सफाई कामगाराच्या झाडूखाली येते, गावात शेजारच्या बाईला आपले अंगण झाडताना उचलावी लागते. दुसऱ्याची घाण काढणे पिढ्यान् पिढ्या ज्यांच्यावर लादले गेले, त्यांच्या घरातून तरी हे काम दुसऱ्यावर ढकलले जाऊ नये.

मुंबई महापालिकेच्या २००६ च्या स्वच्छता उपविधींत पाळीव जनावराने रस्ता घाण केल्यास मालकाला ५०० रुपये दंड ठेवला होता. पेठेत दंड करणारा कोणी उभा नसेल, पण माती, पाणी आणि मुलांचे पाय इथेही तसेच आहेत.

उचलण्याच्या सोप्या पद्धती

पिशवी उलटी करून : पावाची, पिठाची किंवा किराण्याची रिकामी पिशवी भोक नाही ना, हे पाहून घ्या. ती हातमोज्यासारखी हातात घाला, शी मुठीत धरा, दुसऱ्या हाताने पिशवी उलटी ओढा आणि गाठ मारा. हाताला काहीच लागत नाही. दोन पिशव्या गुंडाळी करून पट्ट्याच्या दोरीलाच बांधून ठेवा, म्हणजे विसरायला होत नाही.

कागद आधीच सरकवून : कुत्रा बसण्यापूर्वी जमीन हुंगतो, गोल फिरतो. ते दिसले की वर्तमानपत्राची दुहेरी घडी मागून खाली सरकवा. शी कागदावरच पडते, जमीन स्वच्छ राहते. रोजच्या रोज फिरवणाऱ्याला ही वेळ चार दिवसांत ओळखता येते.

लांब दांड्याची सुपली : कंबर किंवा गुडघे दुखणाऱ्यांसाठी ही उत्तम. तेलाच्या जुन्या डब्याचा पत्रा सुपलीसारखा वाकवून त्याच्या कडा ठोकून बोथट करा आणि बांबूच्या काठीला खिळ्यांनी बसवा. दुसऱ्या हातात एखादी फळी किंवा जुने खुरपे घेऊन शी आत ओढा. वाकावे लागत नाही.

पातळ शी असेल तर : वर राख, कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा टाका. मिनिटभर थांबा, मग खालच्या मातीच्या पातळ थरासकट खरवडून घ्या. जुलाब एक-दोन दिवसांत थांबले नाहीत तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. जुलाबात रक्त दिसले किंवा पिल्लू उलट्याही करत असेल, तर वाट न पाहता त्याच दिवशी न्या. तो पार्व्हो असू शकतो आणि त्यात पिल्ले झपाट्याने दगावतात.

वेळ ठरवून : खाणे झाल्यावर थोड्या वेळात अनेक कुत्रे शी करतात. खाण्याची वेळ ठरलेली ठेवली आणि त्यानंतर रोज एकाच जागी नेले, तर कुत्र्याला तीच जागा सवयीची होते. मग काम पाच मिनिटांचे राहते.

तिकोणा गडावर जाताना झाकणाचा प्लास्टिकचा डबा सोबत ठेवा. गाठ मारलेली पिशवी त्यात टाकून खाली आणा. पायऱ्यांच्या कडेला किंवा खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांजवळ ती टाकू नका. बेडसे, भाजे, कार्ले या लेण्यांच्या वाटेवरही हेच पाळावे.

टाकायची कुठे?

घरी शौचालय असेल तर फक्त शी त्यात टाकून पाणी ओता. पिशवी किंवा कागद आत टाकू नका, नळी तुंबते.

अंगणात जागा असेल तर दीड-दोन हात खोल खड्डा घ्या. विहीर, बोअर, ओढा आणि धरणाचे पाणी यांपासून तो निदान शंभर फूट लांब असावा. आपल्याकडच्या पावसात खोलगट जागी खड्डा भरून वाहतो, म्हणून उंचवट्याची जागा निवडा. दर वेळी वर माती टाका आणि फळीने झाका. ही शी उकिरड्यात किंवा भाजीच्या खतात मिसळू नका. घरच्या खताला जंतांची अंडी मरतील इतकी उष्णता नसते.

कचरागाडीत द्यावी लागली तर ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात लपवून देऊ नका. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून वेगळे देण्याची पद्धत रुजवली. लाल ठिपका दिसला की आत काय आहे ते उघडून पाहावे लागत नाही. तीच पद्धत इथेही वापरा. वाचलेली पिशवीही त्याच पुडक्यात घाला.

बंगल्यावर काम करणाऱ्यांसाठी

पवना आणि लोणावळ्याच्या बंगल्यांवर माळी किंवा पहारेकरी असणाऱ्या अनेकांना मालकाचा कुत्रा फिरवावा लागतो. त्यासाठी लांब दांड्याची सुपली, हातमोजे, पिशव्या, झाकणाचा डबा आणि साबण मालकाकडून मागून घ्या. ते कामाचे साहित्य आहे, मागायला संकोच नको. कुत्र्याला रेबीजची लस आणि जंताचे औषध कधी दिले, हेही विचारा.

शेवटी हात आणि जंत

उचलून झाल्यावर साबण आणि पाण्याने वीस सेकंद हात चोळून धुवा, नखांखालीही. सॅनिटायझरने जंतांची अंडी मरत नाहीत. मुलांची नखे कापलेली असावीत आणि ओल्या दिवसांत त्यांच्या पायांत चप्पल असावी.

पिल्लाला दोन आठवड्यांचे झाल्यापासून तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्याला, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि पुढे दर तीन महिन्यांनी जंताचे औषध द्यावे. मात्रा वजनावर असते, ती जनावरांच्या डॉक्टरांकडूनच घ्या. १ ते १९ वर्षांच्या मुलांना राष्ट्रीय जंतनाशक मोहिमेत शाळेत आणि अंगणवाडीत गोळी मोफत मिळते, ती चुकवू नका. मात्र ही गोळी मुलांच्या आतड्यातल्या जंतांसाठी असते. कुत्र्यापासून येणारा धोका टाळायचा, तर शी वेळेवर उचलणे हाच खरा उपाय आहे, आणि त्याला एक रिकामी पिशवी पुरते.