जुन्या पद्मिनीचा खडखडाट : आधी शोध, मग शांतता

मागच्या पिढीत आपल्या रावेर-सावदा-फैजपूर पट्ट्यात स्वतःची चारचाकी म्हणजे जीप, अॅम्बेसेडर नाहीतर फियाट. ही फियाट म्हणजे मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, पुढे प्रीमिअर पद्मिनी म्हणून ओळखली गेलेली गाडी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. पण हौसेनं जपलेल्या पद्मिनी अजून आहेत. त्या जपणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार : आत बसलं की एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. मग कुशनवाल्याकडे जायचं आणि आतून जाड फेल्ट, फोम मढवून घ्यायचा. आज आपल्याला एवढंच पाहायचं आहे, की हा उपाय शेवटी करायचा असतो, सुरुवातीला नाही.

असं का? कारण आवाज ही खूण आहे. धूर दिसला की आपण विस्तव शोधतो, डोळ्यांवर पट्टी बांधत नाही. सायलेन्सरचा जोड फाटला की फरफर ऐकू येते. ती फोमखाली दाबली तर आवाज कमी होईल, पण धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो, आणि त्याला वास नसतो. स्टिअरिंगचा झिजलेला सांधा खड्ड्यात ठक्कन वाजतो. तो ऐकू न येणं म्हणजे सुख नव्हे.

आता शोधायचं कसं? आपल्या न्यायशास्त्रात अन्वय-व्यतिरेक सांगितला आहे. एक असताना दुसरं असतं, आणि ते नसताना दुसरंही नसतं, असं दिसलं की संबंध मानायला आधार मिळतो. हे बघा, गाडी उभी ठेवून न्यूट्रलमध्ये इंजिनचे फेरे वाढवा. आवाज आला, तर चाकं सुटली. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेतं, तेव्हा सेकंदाला १०० ठोके पडतात. ठरावीक फेऱ्यांवरच गाडी घुमत असेल, तर इंजिन माउंटिंगचं रबर कडक झालंय का, सायलेन्सर पत्र्याला टेकतोय का, ते पाहायचं. उलट, गिअर बदलला तरी आवाज गाडीच्या वेगाबरोबरच बदलत असेल, तर चाकांकडे वळायचं. ताशी ६० किलोमीटरला पद्मिनीचं चाक सेकंदाला सुमारे ९ फेरे घेतं. म्हणजे ठोक्यांची लयच वेगळी.

फक्त खड्ड्यात वाजत असेल, तर आधी डिक्की रिकामी करा. स्टेपनी, जॅक, टामी, पाने सगळं बाहेर. मग त्याच रस्त्यानं, त्याच वेगानं फेरी मारा. पुढच्या फेरीत शेजारी बसलेल्यानं दाराची काच, डॅशबोर्ड, हातगाडीसारखी खुळखुळणारी प्रत्येक वस्तू एकेक करून हातानं दाबून पाहायची. चालवणाऱ्यानं फक्त गाडी चालवायची. आणि एका वेळी एकच बदल. दोन केले, तर कशानं गुण आला ते कळत नाही.

आवाजाची जात ओळखली की उपाय सोपा होतो. खडखड म्हणजे दोन कठीण वस्तूंमध्ये फट : बोल्ट आवळा किंवा मध्ये रबर द्या. कुरकुर म्हणजे दोन पृष्ठभाग चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात : मागच्या कमानपाट्यांचे बुश, दाराचं बीडिंग. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यात रबर वाळून कडक होतं. ते बदलावं, निदान सिलिकॉन ग्रीस लावावं. डिझेल किंवा जळकं ऑइल लावू नये. त्यानं रबर फुगतं, खराब होतं. तिसरी जात घुमण्याची. पत्र्यावर टिचकी मारली आणि टण्ण वाजलं, तर मधल्या मोकळ्या भागावर डांबरी डॅम्पिंग शीट चिकटवा. सगळा पत्रा मढवण्याची गरज नसते.

इथे पुष्कळांचा धीर सुटतो. दोन सारखे आवाज असताना एक पूर्ण बंद केला, तरी पातळी फक्त ३ डेसिबलनं उतरते. कानाला ते जेमतेम जाणवतं. मेहनत वाया गेली असं वाटतं. तसं नसतं. एकाच्या आड दुसरा लपलेला असतो, एवढंच.

इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या पत्र्याची भोकंही बुजवा. त्याच्या शंभराव्या भागाएवढी जागा उघडी राहिली, तर तो पत्रा कितीही जाड असला तरी २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. फोम घालायचा तो यानंतर. आणि तळाला फेल्ट टाकण्याआधी गंज पाहून घ्या. पावसाळ्याचं पाणी फेल्टमध्ये मुरून राहतं आणि खालचा पत्रा सडतो, तोही आवाज न करता.

एवढं करूनही पद्मिनी आजच्या गाडीसारखी शांत होणार नाही. थोडं वाजेल. पण जे वाजेल ते कशाचं, हे आपल्याला माहीत असेल, आणि एखाद्या दिवशी नवा आवाज आला तर तो लगेच ऐकू येईल. आता तुमचे प्रश्न घेऊ या.