प्रक्रियित बांबू आणि युरोपातील जैवनाशकांची मान्यता

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या वनांतील प्रमुख बांबू म्हणजे मानवेल. तोडलेल्या मानवेलीत पिष्टाचा साठा असतो. त्या पिष्टासाठीच भुंगेरे आत शिरतात आणि काही महिन्यांत सुबक वस्तूखाली पिवळसर पीठ साचू लागते. ह्यावर प्रचलित उपाय म्हणजे टाकणखार व बोरिक आम्ल ह्यांच्या द्रावणात बांबू भिजविणे. तो स्वस्त आहे आणि गुणकारीही आहे. मेंढा (लेखा) येथील ग्रामसभेच्या हाती २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने आले. चंद्रपूरनजीक चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रही उभे राहिले. तेव्हा येथील वस्तू युरोपात विकावयाची झाल्यास कोणते निर्बंध आड येतात, ह्याचा विचार करणे प्राप्त आहे.

युरोपीय संघाचा ५२८/२०१२ हा नियम १ सप्टेंबर २०१३ पासून लागू आहे. त्यात जैवनाशकांचे २२ प्रकार मानले असून पहिले पाच जंतुनाशकांचे, तर आठवा काष्ठ-परिरक्षकांचा आहे. मान्यता दुपेडी असते. प्रथम क्रियाशील द्रव्याची छाननी एखाद्या सदस्य-राष्ट्राची यंत्रणा करते, हेलसिंकी येथील रसायन-संस्था अभिप्राय देते व युरोपीय आयोग निर्णय घेतो. त्यानंतर त्या द्रव्यापासून बनविलेल्या प्रत्येक उत्पादनाला स्वतंत्र परवानगी लागते. द्रव्याची मान्यताही प्रकारागणिक असते: फरशी धुण्यासाठी मान्य झालेले द्रव्य तेवढ्यावरून लाकडासाठी मान्य ठरत नाही.

हा सारा खर्चिक व्याप रसायन-उत्पादकांचा. टोपली विणणाऱ्याचा त्याशी संबंध काय? संबंध ५८ व्या कलमाने येतो. जैवनाशकाची प्रक्रिया झालेली वस्तू बाहेरून आली तरी तिच्यातील द्रव्य त्या उपयोगासाठी संघात मान्य किंवा निदान छाननीखाली असावे लागते. वस्तू ‘कीडरोधक’ म्हणून विकली, तर द्रव्याचे नाव चिठ्ठीवर छापावे लागते; ग्राहकाने विचारल्यास ४५ दिवसांत विनामूल्य माहिती द्यावी लागते. केवळ गोदामास वा वाहतुकीच्या पेटीस धुरी दिली असेल आणि अवशेष राहण्याचा संभव नसेल, तर मात्र हे कलम लागू होत नाही.

बोरिक आम्लाची अडचण निराळी आहे. प्रजननास घातक द्रव्यांच्या १ब वर्गात त्याची गणना होते, आणि अशा द्रव्यांस सामान्यतः मान्यता नाकारावी, असा नियमाचा दंडक आहे. अपवाद आहेत, पण ते मुदतबंद. येथे धोका आणि जोखीम ह्यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. धोका हा द्रव्याचा अंगभूत गुण. जोखीम संपर्काच्या प्रमाणावर अवलंबून असते. वगळण्याची कसोटी प्रथम धोक्याकडे पाहते. कोरड्या टोपलीपासून हॅम्बुर्गच्या ग्राहकास पोहोचणारा अंश अल्प असणार. द्रावणाच्या टाकीत रोज हात घालणाऱ्या मजुराचा संपर्क कितीतरी अधिक. तथापि युरोपीय नियमाची दृष्टी त्या टाकीपर्यंत पोहोचत नाही. तेथील हातमोज्यांची चिंता आपणच वाहिली पाहिजे.

टाकणखाराला पर्याय शोधताना जुन्या रीतीकडेही पाहावे. पावसाळा सरल्यावर पिष्ट कमी असताना तोड करणे, मग काही आठवडे बांबू वाहत्या पाण्यात बुडवून ठेवणे, ह्या रीतीत कीटकाचे खाद्यच धुऊन जाते. संरक्षण बोरॉनइतके पक्के मिळत नाही, वेळ लागतो आणि पाण्याला दुर्गंधी सुटते. परंतु जैवनाशक वापरलेच नसल्यामुळे ५८ व्या कलमाचा प्रश्न उद्भवत नाही.