फुकटची फाइल, परक्याची ठेव

पेढीच्या संगणकात केवळ आपला हिशेब नसतो. ग्राहकांची उधारी, कामगारांचे आधार क्रमांक, भागीदारांची बँकखाती अशी कितीतरी जणांची ठेव तेथे विश्वासाने सोपवलेली असते. म्हणूनच जपानमधील एक प्रकरण आपल्या व्यापारी कुटुंबांनी जाणून घेण्याजोगे आहे.

२००२ साली इसामू कानेको या संगणकतज्ज्ञाने ‘विनी’ नावाची प्रणाली तयार केली. तिच्या साहाय्याने लोक एकमेकांच्या संगणकांतील फाइली थेट उतरवून घेऊ लागले. मध्ये कोणतेही मुख्य केंद्र नव्हते. गाणी, चित्रपट, खेळ फुकट मिळत असल्याने ती अल्पावधीत लोकप्रिय झाली. पुढच्याच वर्षी तिच्यावरून ‘अँटिनी’ हा विषाणू पसरू लागला.

त्याची रीत साधी होती. फाइलला मोह पडेल असे नाव आणि फोल्डरचे परिचित चिन्ह असे. नावापुढे लांबलचक मोकळी जागा सोडून ‘.ईएक्सई’ ही खरी ओळख दडवलेली असे. फोल्डर समजून ती उघडली की विषाणू कामाला लागे. त्याचे पुढील अवतार संगणकातील कागदपत्रे गोळा करीत आणि त्यांचे गाठोडे विनीवरच सर्वांसाठी खुले ठेवीत. तिजोरी उघडून भर चौकात मांडावी, तसाच हा प्रकार. गाठोडे अनेक संगणकांत पोहोचल्यावर ते परत घेणे अशक्यच.

२००४ मध्ये क्योटो पोलिसांची तपासाची कागदपत्रे अशीच बाहेर पडली. २००५ मध्ये अणुवीज केंद्रांच्या तपासणीची माहिती आणि २००६ च्या फेब्रुवारीत सागरी स्वसंरक्षण दलाची गोपनीय माहिती फुटली. अखेर मार्च २००६ मध्ये तत्कालीन मुख्य मंत्रिमंडळ सचिव शिंझो आबे यांना विनी वापरू नका, असे जाहीर आवाहन करावे लागले. मूळ चूक कार्यालयाची कागदपत्रे आणि फुकटची करमणूक एकाच खासगी संगणकात ठेवण्याची होती. फुकट घेणारा एक; उघडे पडले ते त्याच्यावर विसंबलेले अनेक.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांपैकी ‘तदाहृतादान’ म्हणजे चोरून आणलेली वस्तू घेणे आणि ‘प्रतिरूपकव्यवहार’ म्हणजे खऱ्याच्या जागी बनावट माल खपवणे. चोरीची प्रत उतरवून घेणारा पहिला अतिचार स्वतः करतो आणि बहुधा दुसऱ्याचा बळी ठरतो.

विनी मागे पडले, रीत मात्र तीच आहे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची ‘क्रॅक’ केलेली प्रत किंवा व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका म्हणून आलेली ‘.एपीके’ फाइल हे त्याच घराण्यातले पाहुणे. पत्रिका चित्ररूपात किंवा पीडीएफमध्ये येते. ती पाहण्यासाठी नवे अॅप बसवावे लागत नाही. परिचिताच्या क्रमांकावरून फाइल आली, तरी आधी त्याला फोन करून विचारावे.

पेढीचा संगणक मुलांच्या खेळांसाठी व चित्रपटांसाठी देऊ नये. मुनीमजींना घरी काम करावयाचे असल्यास पेढीनेच वेगळा संगणक द्यावा. सॉफ्टवेअर पावतीसह विकत घ्यावे. फाइलींची पूर्ण नावे दिसतील अशी व्यवस्था संगणकात करून घ्यावी. हिशेबाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क एरवी संगणकापासून अलग ठेवावी. मात्र फुटलेली माहिती त्या प्रतीनेही परत मिळत नाही, याचे भान असावे.

सॉफ्टवेअरची किंमत खर्चाच्या रकान्यात लिहिता येते. ग्राहकाच्या विश्वासाला वहीत रकाना नाही. पण पेढी चालते ती त्याच्याच बळावर.