दुरुस्तीचा खर्च, विलंबाची किंमत

संगणकाच्या पडद्यावर अद्यतनाची सूचना वरचेवर झळकू लागली की दोन परस्परविरोधी निष्कर्ष काढले जातात. ज्या कार्यप्रणालीला सतत डागडुजी लागते ती मुळातच कच्ची, असे काहीजण म्हणतात. अद्यतने जितकी अधिक तितकी सुरक्षितता अधिक, असे इतर मानतात. दोन्ही निष्कर्ष फसवे आहेत. कोट्यवधी ओळींच्या आज्ञावलीत दोष राहणारच. खरा प्रश्न दुरुस्त्यांच्या संख्येचा नसून, दुरुस्ती उपलब्ध होणे आणि ती प्रत्यक्ष बसविली जाणे यांतील अंतराचा आहे.

२०१७ सालचे उदाहरण बोलके आहे. विंडोजमधील एका गंभीर दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजी प्रसृत केली. १२ मे रोजी, म्हणजे ५९ दिवसांनी, ‘वॉनाक्राय’ने नेमक्या त्याच दोषातून शिरून जगभर संगणक वेठीस धरले. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत हजारो रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या रद्द कराव्या लागल्या. औषध तयार होते. ते घेतले गेले नव्हते.

याला केवळ आळस म्हणणे अपुरे होय. दुरुस्तीचा खर्च आजचा आणि स्वतःच्या माथी असतो. विलंबाची हानी उद्याची, अनिश्चित आणि पुष्कळदा शेजाऱ्याच्या माथी. अर्थशास्त्र ज्याला बाह्य परिणाम म्हणते तो हाच. लस टाळणारा स्वतःपुरताच धोका पत्करीत नाही.

अर्थात अद्यतनाविषयीची धास्तीही निराधार नाही. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ पसरला तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्यतनातूनच, आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातील एका टर्मिनलचे कामही त्याने विस्कळीत केले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्याच एका सदोष अद्यतनाने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. म्हणून दुरुस्ती आधी थोड्या यंत्रांवर पारखावी, परंतु ठरलेल्या मुदतीत सर्वत्र बसवावी, हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ संपले. अशा वेळी शाळा, महाविद्यालये व कचेऱ्यांपुढील प्रश्न तांत्रिक कमी आणि अंदाजपत्रकाचा अधिक आहे. संगणकाच्या खरेदीसाठी एकदाच रक्कम मंजूर करायची आणि त्याच्या निगराणीसाठी काहीच राखून ठेवायचे नाही, हा हिशेब अपुरा आहे. दुरुस्ती किती वर्षे मिळेल हे निविदेतच विचारले जावे, आणि ती बसविण्याचा खर्च वीजबिलाप्रमाणे दरवर्षीच्या आवर्ती खर्चात धरला जावा. टाळलेला खर्च म्हणजे बचत नव्हे. बहुधा ते दुसऱ्याच्या नावावर काढलेले कर्ज असते.