पाचगणीचं सेंट पीटर्स: पावसामुळे वसलेली शाळा

पाचगणीला एवढ्या शाळा का, याचं उत्तर महाबळेश्वरच्या पावसात आहे. तिथे जून लागला की घरांच्या भिंतींना गवताचे झाप बांधायचे, चार महिने कपडे वाळायचं नाव घेत नाहीत, पुस्तकांना बुरशी धरते. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्याचं सरकार उन्हाळ्यात तिथे मोठ्या थाटात यायचं आणि पावसाची चाहूल लागली की गाशा गुंडाळून घाट उतरायचं. पाचगणी त्याच डोंगररांगेवर, पूर्वेला जेमतेम वीस किलोमीटरवर. पण ढग इथवर पोचेपर्यंत बरेचसे रिते झालेले असतात. बारमाही राहता येईल असं थंड हवेचं ठिकाण शोधायचं काम 1860च्या दशकात जॉन चेसन या इंग्रजाकडे आलं. रुस्तमजी दुबाश यांना बरोबर घेऊन त्याने हे डोंगर पायाखाली घातले आणि दांडेघर, गोडवली, अमराळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांमधली जागा पक्की केली. ऑस्ट्रेलियाचे सिल्व्हर ओक त्यानेच इथे लावले असं सांगतात. शिंपी, धोबी, खाटीक, भाजीवाले आणून बसवले ते वेगळंच.

ज्या हवेत इथे राहायला आलेले इंग्रज पेन्शनर टिकतात, त्या हवेत पोरंही टिकतील, हा हिशेब मग ओघानेच आला. 1890च्या दशकात युरोपियन मुलामुलींसाठी इथे शाळा सुरू झाली. 1902मध्ये त्यातली मुलं वेगळी झाली आणि सेंट पीटर्स उभी राहिली. मुलींकडे राहिलं ते किमिन्स हायस्कूल. ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’च्या जोगिणींचं सेंट जोसेफ कॉन्व्हेंट 1895पासून होतंच. पुढे पारशांनी आपली शाळा काढली, हिंदूंनी आपली (1922चं संजीवन विद्यालय), मुसलमानांनी आपली. ‘तारे ज़मीं पर’मधली शाळा पाचगणीचीच, पण ती बहाई पंथीयांची न्यू एरा. पर्यटक ती हमखास दुसऱ्याच फाटकापाशी शोधत असतात.

सेंट पीटर्स अँग्लिकन परंपरेची, मुक्कामी शाळा. दगडी इमारती, उतरती छपरं, सिल्व्हर ओकची सावली आणि खेळाचं मैदान. वसतिगृहाची भाषा अशा सगळ्याच शाळांत सारखी: डॉर्म, मेट्रन, संध्याकाळचा प्रेप म्हणजे अभ्यासाचा तास, हाऊसची चुरस. ‘उट प्रोसिम’ हे लॅटिन ब्रीद, म्हणजे माझा उपयोग व्हावा. पाचगणीच्या माथ्यावरच्या टेबललँडच्या जांभ्याचा रंग या गावात पांढऱ्या मोज्यांना चिकटतो तो चिकटतोच. वसतिगृहात मोज्यांवर नाव घालायचं असतं, मोजे पांढरे राहण्याची हमी मात्र कुठलीच शाळा देत नाही.

आता ज्याच्यामुळे बाहेरचे लोक या शाळेचं नाव घेतात त्या मुलाकडे येऊ. 1955 साली झांझिबारहून आठ वर्षांचा फारुख बलसारा इथे आला. वडील तिथे इंग्रज सरकारच्या नोकरीत. पारशी मुलाला शिकायला समुद्र ओलांडून मुंबईला पाठवणं, तिथून पाचगणीला येणारा पसरणीचा घाट चढवणं, हे तेव्हा त्या समाजात फारसं जगावेगळं नव्हतं. इथल्या पोरांनी त्याचं ‘फ्रेडी’ केलं. पुढे आलेल्या दातांवरून ‘बकी’ही केलं. वसतिगृहातली पोरं कुठल्याही शतकात अशीच. तो टेबल टेनिस चांगलं खेळायचा, बॉक्सिंग करायचा. 1958मध्ये कनिष्ठ गटाचा अष्टपैलू विद्यार्थी म्हणून त्याला करंडक मिळाला. पण त्याहून महत्त्वाचं ठरलं ते मुख्याध्यापकांनी आईवडिलांना धाडलेलं पत्र: मुलाला संगीताचं अंग आहे, जादा फी भरलीत तर पियानो शिकवू. त्यांनी ती भरली. मुलगा पियानोच्या चौथ्या ग्रेडपर्यंत गेला, शाळेच्या कॉयरमध्ये गायला.

1958च्या सुमारास पाच पोरांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी वाजवायची, शाळेच्या समारंभांत धमाल उडवायची, शेजारच्या मुलींच्या शाळेने आरडाओरडा करायचा. यात गंमत अशी की पुढे ‘क्वीन’चा फ्रेडी मर्क्युरी म्हणून ज्याचा आवाज लाखो लोक ऐकणार होते, तो या बँडचा मुख्य गायक नव्हताच. माइकपुढे ब्रूस मरी. बलसारा मागे पियानोवर, फार तर साथीला आवाज देणार. एकदा ऐकलेलं गाणं तो पियानोवर जसंच्या तसं काढायचा, अशी आठवण सोबती सांगत आले.

मला त्या बँडमधले बाकीचे जास्त रंजक वाटतात. व्हिक्टरी राणा नेपाळच्या राणा घराण्यातला. तो लष्करात लेफ्टनंट जनरल झाला आणि सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा प्रमुखही. डेरिक ब्रँच इंग्लंडमध्ये नट झाला. ‘माय ब्युटिफुल लॉन्ड्रेट’मध्ये तो दिसतो. फारांग इराणीने पुण्याच्या कॅम्पात सिझलर्सचं हॉटेल चालवलं आणि पुणेकरांना धूर सोडत येणाऱ्या ताटलीची चटक लावली. युरोपियन पोरांसाठी काढलेल्या शाळेत स्वातंत्र्यानंतर दहा-अकरा वर्षांत एका पियानोभोवती पारशी, इराणी आणि नेपाळी उभे होते. शाळेचं माहितीपत्रक वाचण्यापेक्षा या बँडचा फोटो बघावा, असं माझं मत.

‘बोहेमियन रॅप्सडी’ हा सिनेमा 2018मध्ये आल्यापासून फ्रेडीच्या खुणा शोधत येणाऱ्यांची भर पडली. त्यांची उत्सुकता समजते. पण शाळा म्हणजे संग्रहालय नव्हे, आत तास चाललेले असतात, आयसीएसईची परीक्षा डोक्यावर असते. परवानगीशिवाय आत जायचा हट्ट धरू नये. बाहेरून बघावं आणि जवळच्या सेंट पीटर्स चर्चकडे वळावं. तिथे चेसनची कबर आहे, ज्याच्यावाचून यातलं काहीच झालं नसतं. तिथे सेल्फीवाले सहसा दिसत नाहीत.

पुण्याहून शंभरेक किलोमीटर, आधी वाई, मग पसरणीचा घाट. चढायच्या आधी पायथ्याशी पसरणी लागतं. हे शाहीर साबळ्यांचं गाव. लाखोंना उभं करणारे दोन आवाज एकाच घाटाच्या दोन टोकांशी निघाले. बघायला जाणाऱ्यांनी मे महिन्याची गर्दी टाळावी आणि ऑगस्टात जावं. छत्री घ्यावीच लागेल, पण महाबळेश्वरात लागते तितकी दणकट नसली तरी चालेल.